शिपाईमामांचं चोख नाणं

आमच्या शाळेच्या शिपाईमामांइतका सावध माणूस तापीच्या उत्तरेला दुसरा झालेला नाही, असं मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. सावध माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. माझे सख्खे काका घराला कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि ते ओढून बघायला तीनदा परत येतात. पण काकांना भीती चोराची. मामांना चोराचं काहीच वाटत नसे; चोर आलाच तर त्याला बसायला सतरंजी देतील असा त्यांचा स्वभाव. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती, पाणी चढण्याची. आणि आमचं तळोदा तालुक्यातलं गाव असं की चैत्र लागला की नळाला फक्त हवा येते आणि एका हंड्यावरून बायका एकमेकींचा उद्धार करतात. अशा गावात मामा पंचवीस वर्षं पुराची वाट बघत बसले होते.

ते बसायचे तेही दाराशीच. शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी मामा उंबऱ्याजवळ, एक पाय बाहेर. शाळेची हजेरीपत्रकं आणि दाखल्यांची रजिस्टरं त्यांनी खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळून कपाटाच्या डोक्यावर ठेवली होती. आमचे मुख्याध्यापक उंचीनं बेताचे. रोज सही करायला त्यांना स्टूल लागायचं आणि स्टुलावर चढलेला मुख्याध्यापक हे दृश्य शिस्तीला पोषक नसतं. त्यांनी मामांना दोनदा लेखी समज दिली. मग एका दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवरच्या टाकीचा पाइप फुटला, कार्यालयात गुडघाभर पाणी झालं, खालच्या कप्प्यातलं सगळं लगदा होऊन गेलं आणि तेवढी रजिस्टरं कोरडी राहिली. त्यानंतर मुख्याध्यापक मुकाट्यानं स्टुलावर चढू लागले. मी घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आलेल्या मंडळींनी फरशी पाहिली, स्वयंपाकाचा ओटा पाहिला. मामांनी बाहेरून एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सर, जोतं दीड हात कमी झालेलं आहे." माझी बायको वर्षभर त्यांच्यावर रुसली होती. पण घराचे कागद तिनं त्याच आठवड्यात माळ्यावर नेऊन ठेवले.

मामांचं मराठी हा एक वेगळाच विषय आहे. घरी ते पावरी बोलतात, बाजारात आमच्यासारखी अहिराणी. अक्षरं लहानपणी गिरवलेली होती, पण मराठी बोलायला शिकले ते तिशीच्या सुमाराला नोकरीत लागल्यावर, आणि तेही फलकावर लावलेली परिपत्रकं वाचून. त्यामुळे साधा चहा थंड झाला तरी त्यांच्या तोंडून "सदर चहा थंड झालेला आहे, नोंद घ्यावी" असं बाहेर पडायचं. मला एकदा ताप भरला होता तेव्हा घरी येऊन माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, सरांच्या प्रकृतीबाबत काय कार्यवाही झाली?" नवे शिक्षक हसायचे. मी हसत नसे, कारण मीही घरात मन्हं-तुन्हं करणारा. माझंही मराठी शाळेतूनच आणलेलं, फक्त जरा लवकर आणलेलं.

शाळेच्या मागच्या खोलीत मामांची एक निळी बादली होती. कुठलीही नवी वस्तू आधी या बादलीत जायची. टॉर्च, कुलूप, आधारकार्डाचं प्लास्टिक, जनगणनेच्या कामाला मिळालेली पिशवी, सगळ्यांची तपासणी बादलीत. टिकली ती 'पात्र', बाकीची 'अपात्र'. मी एकदा नवं घड्याळ घेतलं आणि दुकानदार म्हणतो ते पाण्यात चालतं, असं सहज बोलून गेलो. मामा म्हणाले, "सर, परवानगी असावी." परवानगी द्यायच्या आत घड्याळ मनगटावरून गेलं होतं. तीन दिवसांनी परत मिळालं तेव्हा काचेच्या आत धुकं दाटलं होतं आणि काटे सव्वाअकरावर थांबले होते. मामांनी ते फडक्यानं पुसून माझ्या हातात दिलं आणि दुकानदाराचं नाव विचारून घेतलं.

हे सगळं का, ते आम्हाला ठाऊक होतं, म्हणून चेष्टा एका मर्यादेपर्यंतच चालायची. मामांचं मूळ गाव नर्मदेच्या काठी, मणिबेलीच्या वरच्या अंगाला. धरणाचं पाणी चढलं आणि ते गाव खाली गेलं. पाणी येणार हे माहीत होतं. मामा तेव्हा तिशीच्या आतले, अंगापिंडानं मजबूत. त्यांनी आणि भावकीतल्या चौघांनी घर उतरवायला घेतलं. सागाचे खांब, तुळया, वासे खांद्यावर टाकून टेकडीवर न्यायचे. त्यांची आई सारखी सांगत होती, मधल्या खांबाशी पुरलेलं मडकं आधी काढ. मडक्यात तिची सगळी चांदी होती. कंबरेचा करगोटा, पायातले वाळे, जुन्या रुपयांची माळ, काही तिची आणि काही सासूकडून आलेली. होळीला काढायची, अंगावर घालायची आणि होळी झाली की पुन्हा पुरायची. मामा म्हणाले, लाकूड आधी, मडकं कुठं जातंय? त्यांनी मधला खांब उपटला, खड्ड्यात माती ढासळली, परत येऊन उकरू म्हणून खांब खांद्यावर घेऊन टेकडी चढले. उतरून आले तेव्हा अंगणात पाणी होतं, आणि दुसऱ्या दिवशी वरून बघताना घराची जागा नेमकी कुठली तेही कळेना. तेच खांब पुढे ट्रकमधून इकडे पुनर्वसनाच्या वसाहतीत आले आणि त्यांचंच घर उभं राहिलं. खांब आला, खांबाखालचं तिथेच राहिलं. "सर," मामा मला म्हणायचे, "मी बोललो ते शब्दशः खरं ठरलं. मडकं कुठंच गेलं नाही."

मामांच्या आईला आम्ही आजी म्हणायचो; ती त्यावरून मुलाशी कधी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं. ती फक्त त्या घरात पाहुण्यासारखी राहिली. वसाहतीतल्या घराला ती घर म्हणत नसे. तिच्या बोलीत 'ही जागा' असं काहीतरी म्हणायची. दाराशी कधी वेल लावला नाही, भिंतीत खुंटी ठोकू दिली नाही, आणि भुईत काही पुरायचा तर प्रश्नच नव्हता. लुगडी गाठोड्यात बांधून उशाशी. मामांनी दाराजवळ बांधून ठेवलेलं दुसरं गाठोडं पाण्याच्या भीतीनं होतं, आजीचं परत जायच्या तयारीनं होतं, एवढाच काय तो फरक. आणि दर उन्हाळ्यात ती एकदा विचारायची, पाणी उतरलं का?

म्हणून मामा दर मे महिन्यात बघायला जायचे. एकदा मीही बरोबर गेलो. धडगावपर्यंत जीप, पुढे दुसरी जीप, मग चालणं, मग बोट. घाटात जीपमध्ये मी जीव मुठीत धरून आत अंग चोरून बसलो होतो आणि मामा नेहमीप्रमाणे बाहेरच्या कडेला लटकलेले. मला वाटलं, आयुष्यभर पाण्याला भिणारा माणूस बोटीत पांढराफटक पडेल. पण बोटीत ते एकदम शांत झाले. हातात खुणा केलेला लांब बांबू होता. एका जागी त्यांनी बोट थांबवायला लावली, बांबू पाण्यात सोडला आणि म्हणाले, "सर, हे आमचं घर." नावाडी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलून हसला. मी विचारलं, काय म्हणतो? मामा म्हणाले, "त्याची हरकत अशी आहे की, मागच्या वर्षी मी घर पलीकडे दाखवलं होतं." बांबू तळाला लागला नाही. परत आल्यावर आजीनं विचारलं आणि मामांनी सांगितलं, थोडं राहिलंय. दर वर्षी ते हेच सांगत, थोडं राहिलंय.

निवृत्ती जवळ आली तसं मामांनी एक ठरवलं. निवृत्तीचे पैसे हातात पडले की आईच्या हातात मडक्याच्या बदल्यात काहीतरी ठेवायचं, ती जायच्या आत. एवढंच. मात्र ती वस्तू अशी हवी की पुन्हा पाणी आलं तर एका मुठीत धरून पोहता यावं. या एका अटीवर जगातली सगळी गुंतवणूक घासून बघायला त्यांनी निवृत्तीच्या तीन वर्षं आधीपासून सुरुवात केली आणि आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. मुख्याध्यापक म्हणाले, बँकेत मुदत ठेव करा. मामा म्हणाले, "पावती कागदाची असते." माझे काका शेताचा तुकडा दाखवायला घेऊन गेले, कारण आमच्या तापीकाठच्या लोकांना केळी आणि ऊस यांच्यापलीकडे गुंतवणूक माहीत नाही. मामांनी बांधावर उभं राहून अदबीनं सांगितलं, "काका, जमीन बुडताना मी समक्ष पाहिलेली आहे." कोणीतरी म्हैस सुचवली. म्हैस पोहते, हे मामांनी मान्य केलं, पण ती तिला हवं तिकडे पोहते. गणिताच्या तरुण सरांनी फोनमध्येच सोनं कसं घेता येतं ते करून दाखवलं. मामांनी फोन हातात घेतला, सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि बादलीच्या खोलीकडे चालू लागले. सरांनी धावत जाऊन फोन परत मिळवला.

"मामा, आईंना चांदीच घ्या ना," मी म्हणालो. "त्यांना चांदीचीच सवय."

मामांनी दोन्ही हात पुढे करून वजन तोलल्यासारखं केलं. "सर, करगोटा एवढा जड. तो घेऊन मी पोहलो असतो तर आज ही चर्चा झाली नसती. चांदी अपात्र."

तेव्हा चोख सोन्याचं नाणं हे मीच सुचवलं. दहा ग्रॅमचं घ्या, म्हटलं, मुठीत काय, गालात मावेल. मला माझ्या हुशारीचं कौतुकही वाटलं. आज त्या कौतुकाची लाज वाटते.

नंदुरबारच्या सराफाकडे आम्ही चार वेळा गेलो. सराफ माझ्या ओळखीचा, गादीवर रेलून बोलणारा, पण मामांपुढे तो तिसऱ्या भेटीपासून ताठ बसायला लागला. त्यानं आधी अंगठ्या काढल्या. मामांनी विचारलं, यात सोनं किती? बावीस कॅरेट. बाकी काय? तांबं वगैरे. "तांबं पाण्यात हिरवं पडतं," मामा म्हणाले, आणि अंगठ्या परत पेटीत गेल्या. शिवाय घडणावळीचे पैसे विकताना परत मिळत नाहीत हे कळल्यावर दागिना हा प्रकारच त्यांनी यादीतून काढून टाकला. मग चोवीस कॅरेटची नाणी आली. मामांचा पहिला प्रश्न, हे पाण्यात किती वर्षं टिकतं?

"मामा, सोनं शे हाई, साबन नही," सराफ म्हणाला. "पानीमा काय व्हई त्याले? तुम्ही सोनं लेवाले उनात का व्हडी लेवाले?"

सोनं घ्यायला आलात की होडी, या टोमण्यावर मामा हसले नाहीत. नाण्यावर नऊशे नव्याण्णव असा आकडा होता. तो कशाचा? सराफानं सांगितलं, हजार भागांत नऊशे नव्याण्णव भाग सोनं. मामांनी नाणं उजेडाकडे धरलं. "मग एक कुठं गेला?"

सराफानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. "मामा," तो शेवटी म्हणाला, "तो एक कोनलेच सापडत नही."

हे मात्र मामांना पटलं. हजारांत एखादा राहूनच जातो, असं ते स्वतःशी पुटपुटले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. नाण्यावर लक्ष्मी हवी की नुसता आकडा? आम्ही संकटात देव पाण्यात घालून बसणारी माणसं, त्यामुळे मी लक्ष्मीच्या बाजूनं होतो. मामांनी आकड्याचं नाणं निवडलं, कारण ते घरी जाण्याआधी आठ दिवस बादलीत बुडवायचं होतं आणि देवाला तपासणीला बसवणं त्यांना बरं दिसलं नाही. नाणं एका कडक कार्डात, प्लास्टिकच्या फुगवट्यात बंद होतं. सराफानं बजावलं, "पाकीट फाडानं नही. फाडं ते मंग परत लेताना आम्ही तपासनी करसूत, पैसा कटी जाई." मामांनी हे वाक्य माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं.

तोवर ते निवृत्त झाले होते, पण बादली शाळेतच होती. आठ दिवस त्यांच्या साऱ्या नोकरीची कमाई मागच्या खोलीत पाण्याच्या तळाशी पडून होती आणि वर पाटी, 'सदर बादलीस हात लावू नये'. मामा शेजारी पोत्यावर बसून. नव्या शिपायानं दुसऱ्याच दिवशी ती बादली फरशी पुसायला उचलली होती. मामांनी त्याला नुसतं मनगट धरून थांबवलं. मला त्या आठवड्यात वर्गात एकही धडा धड शिकवता आला नाही. आठव्या दिवशी मामांनी कार्ड बाहेर काढून उन्हात धरलं. आत थेंब शिरला नव्हता. "पात्र," ते म्हणाले.

मला घरी बोलावलं होतं. आजी त्याच मधल्या खांबाला टेकून बसली होती. डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता, अंगाची काडी झालेली. मामांनी कार्ड तिच्या हातात ठेवलं. तिनं चाचपलं, बोटाला गोल फुगवटा लागला आणि तिनं तोंड उघडलं. दवाखान्यातल्या गोळ्या अशाच पाकिटातून येतात, तिला वाटलं आणखी एक गोळी. मला हसू आलं आणि लगेच गेलं. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, खिशातल्या त्या लिहून घेतलेल्या कागदावरून हात फिरवला, आणि कार्ड दातानं फाडून नाणं तिच्या तळहातावर ठेवलं.

आजीनं हात खालीवर केला. एकच शब्द बोलली. मामांचा चेहरा उतरला.

"काय म्हणाल्या?"

"हलकं आहे, असं निदर्शनास आणलं."

मग तिनं दुसरा हात पुढे केला. बाकीचं कुठंय, असं ती विचारत होती, हे मला भाषा न येताही कळलं. मामा समजावत राहिले; काय ते त्यांनी मला नंतर सांगितलं. या एवढ्याशाच्या किमतीत बरीच चांदी येईल, हे चोख आहे, हे मुठीत मावतं, अमुक आणि तमुक. आजीनं सगळं ऐकून घेतलं. नाणं गालाला लावलं, खालच्या एका दातानं चावून पाहिलं. मग खांबाच्या पायथ्याची भुई हातानं थोपटून काहीतरी म्हणाली. मामा माझ्याकडे वळले.

"पुरायला सांगते," ते मला म्हणाले. "इथंच. खांबाशी."

त्यांनी तिच्याशी वाद घातला. त्यातला पाणी हा एकच शब्द मला कळला, तो तीन-चारदा आला. आजीनं त्यावर लहानसं उत्तर दिलं. काय उत्तर दिलं ते मामांनी त्या दिवशी सांगितलं नाही. ते उठले, पहार आणली आणि खड्डा खणला. आजी खांबावर हात ठेवून प्रत्येक घाव ऐकत होती. हातभर खोल झाल्यावर मामांनी नाणं तिच्याकडून घेतलं. त्यांचा डावा हात कमरेला बांधलेल्या पैशाच्या पिशवीकडे गेला आणि उजव्या हातानं त्यांनी नुसतं फाटकं कार्ड खड्ड्यात ठेवलं. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. मी दाराबाहेर बघत राहिलो आणि त्यांनी माती लोटली. तीस वर्षांपूर्वी मडकं खाली सोडून आलेला माणूस पुन्हा काही भुईत सोडू शकत नव्हता, हे मला समजत होतं. तरी बोलायला हवं होतं, असं आज वाटतं.

त्या जागेवर आजीनं स्वतःच्या हातानं चाचपत शेण सारवलं आणि त्या दिवसापासून ती त्या जागेला घर म्हणायला लागली. हे मला मामांनीच सांगितलं. आता ते रोज शाळेच्या पायरीवर येऊन मला एकेक बातमी द्यायचे, आणि प्रत्येक बातमीगणिक आणखी वाळलेले दिसायचे. आज आईनं शेजारणींना घरी या म्हणून बोलावलं. आज आईनं गाठोडं सोडून लुगडी दोरीवर टाकली. आज आईनं दाराशी दुधीचं बी टोचलं. मी म्हणायचो, मामा, ती झोपली की नाणं आत ठेवून या, कोणाला कळतंय? ते कमरेवर हात दाबायचे आणि म्हणायचे, "पावसाळा होऊन जाऊ द्या, सर. मग सदर बाबतीत निर्णय घेऊ." पावसाळा होऊन गेला. दुधीला फुलं आली त्या आठवड्यात आजी गेली.

मी पोचलो तेव्हा तिला नेण्याची तयारी झाली होती. त्यांच्यात माणसाला निरोप देताना हातात एक नाणं देतात. कोणीतरी म्हणालं, खांबाखालचं सोनं काढून तेच द्या. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, नाही, ते तिनं घराला दिलंय, तिला दुसरं द्या. सगळ्यांना ते पटलं. मामा मधोमध उभे होते, नाणं कमरेला, आणि ते बाहेर काढायची सोय उरली नव्हती. ते गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले.

"सर," ते म्हणाले, "एखादं नाणं आहे का?"

माझ्या खिशात पाच रुपयांचं होतं. ते मी दिलं. आजीच्या मुठीत ते ठेवताना मामांनी तिची बोटं एकेक करून मिटली आणि बराच वेळ सोडली नाहीत. मला त्या क्षणी त्यांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. दहा ग्रॅम, चोख, मुठीत मावणारं, हे सगळं मीच तर सुचवलं होतं.

दोन आठवड्यांनी मामा पायरीवर येऊन बसले. "सर, सदर नाणं माझ्याकडेच आहे."

"मला माहीत आहे, मामा."

"तुम्हाला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. पण सांगायला पाहिजे होतं." मग ते म्हणाले, "मी आईला विचारलं होतं, इथंही पाणी आलं तर? ती म्हणाली, येऊ दे. तोपर्यंत तर घर राहील."

त्याच दुपारी आम्ही दोघांनी ती जागा उकरली. कार्ड निघालं. पावसाळा भुईत काढूनही ते जसंच्या तसं होतं, मधला नाण्याचा गोल खळगा तेवढा रिकामा. मामांनी कमरेच्या पिशवीतून नाणं काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि त्या खळग्यात बसवलं. ते नेमकं बसलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं, माती लोटली, पायानं न दाबता तळहातानं दाबली आणि आजीसारखंच चाचपत सारवण केलं. मी बाहेर येऊन दुधीच्या वेलाखाली उभा राहिलो, कारण आत त्यांना रडायला माझी अडचण होत होती.

मामा अजून शाळेत येतात. उंबऱ्याशीच बसतात, माझं जोतं दीड हात कमी आहे याची आठवणही देतात. बोलता बोलता त्यांचा डावा हात कमरेकडे जातो, तिथे काही लागत नाही, आणि वाक्य मध्येच थांबतं. या मे महिन्यात मी त्यांना म्हटलं, "मामा, धडगावच्या जीपा भरून चालल्यात. यंदा निघायचं ना? मीही येतो."

"कशाला, सर?" मामा म्हणाले. "पाणी उतरलं का म्हणून घरी आता कोण विचारणार आहे?"

त्यांनी कमरेवरचा हात काढून गुडघ्यावर ठेवला. मग पिशवीतून दोन दुधी काढून माझ्यापुढे ठेवले, आणि ते वहिनींना द्या म्हणाले.